पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी यांचा फोन आला.

हे जाऊन सव्वा वर्ष झालं. तरी तसंच लिहिते, कारण झालं तसंच. भाकरी तव्यावर होती. फोन उचलला आणि पलीकडून हे — "नमस्कार. मी गंगाधर सर बोलतोय." मी ओट्याला टेकले. म्हटलं, अहो, बोला ना.

हे बोलतच राहिले. कान्हे गावच्या शाळेत पाचवीचे प्रवेश सुरू आहेत. यंदा आंदर मावळातल्या मुलांना न्यायला शाळेची गाडी येणार. एकही मुलगी घरी बसणार नाही, हा माझा शब्द आहे. पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा.

एक दाबला. किती वेळा ते लिहीत नाही. भाकरीचा कोळसा झाला.

२२ एप्रिल

आवाज यांचाच. 'शाळा' म्हणताना 'ळा' लांबवायची तऱ्हासुद्धा तीच. पण यांना वाक्याआधी खाकरायची सवय. खडूनं घसा गेला होता. फोनवरचे हे एकदाही खाकरले नाहीत. अगदी ठणठणीत!

आणि शब्द? तो यांनी आयुष्यात कुणाला दिला नाही. पालक मागे लागले की म्हणायचे, प्रयत्न करतो, शब्द मागू नका. मोठी माणसं विसरतात, मुलं विसरत नाहीत.

२३ एप्रिल

शाळेत जाऊन आले. यांच्या जागी आता आसावरी मॅडम आहेत. तळेगावच्या. तरुण, चांगली बाई. मला बघून उभ्या राहिल्या. मी बसलेच नाही. म्हटलं, माझा नवरा तुमच्याकडे कामाला कसा काय?

चेहरा उतरला. म्हणाल्या, "काकू, स्नेहसंमेलनातली सरांची भाषणं होती. ती कॉम्प्युटरला ऐकवली की तो त्याच आवाजात पाहिजे ते बोलतो."

पाहिजे ते!

म्हणाल्या, "संस्थेचं म्हणणं, जाहिरात मुख्याध्यापकांनीच करायची. मला म्हणाले, शाळेचा चेहरा तुम्ही, आवाज तुम्ही. मी आधी माझ्या आवाजात फोन पाठवले, काकू. दुसऱ्या वाक्याला लोक फोन ठेवतात. सरांचा शेवटपर्यंत ऐकतात. लोकांच्या मनात मुख्याध्यापक अजून तेच आहेत. पट घसरलाय, तुकडी बंद पडेल. मी काय करू?"

गाडीचं विचारलं. म्हणे ठरतंय. पुरेसे प्रवेश झाले तर.

"मग 'ठरतंय' असं का नाही बोलले हे?"

"ठरतंय म्हटलं तर कोण येईल?"

मी निघाले. दारात म्हणाल्या, "आम्ही परवानगी घेतली होती, काकू. श्रीयशदादांची."

२४ एप्रिल

पोराला पुण्याला फोन केला. नाकबूल झाला नाही.

"मला वाटलं तुला बरं वाटेल, आई. बाबांचा आवाज."

"मला विचारलं नाहीस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग तर विचारायचंच होतंस."

मग म्हणाला, जेवलीस का? बापासारखंच. अडचणीत आला की जेवण.

२८ एप्रिल

मॅडमनी यांच्या आवाजातले फोन बंद करतो म्हणून कळवलं. मी आज वाचनालयातलं पुस्तक न वाचताच परत केलं. लग्नात मला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. यांच्या वर्तमानपत्रावर बोट ठेवून एकटीच वाचायला शिकले, तेव्हापासून पुस्तक न वाचता परत केलेलं हे पहिलंच.

२ मे

दुपारी फोन मांडीवर घेऊन बसले होते. कोण करणार होतं?

९ जून, सोमवार

आज घरी एक म्हातारी आली. धोंडाबाई. आंदर मावळातल्या पार वरच्या गावची. बरोबर नात, अपेक्षा, चौथी झालेली. पायरीवरूनच विचारलं, "सर कुटं हायती?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. हार बघून ती तिथंच खाली बसली.

"कवा?"

सांगितलं.

"अवं पर चैतात बोलले की माज्याशी!"

दरवर्षी मे महिन्यात हे चालत वर जायचे, घराघरातून पोरं गोळा करायला. धोंडाबाईच्या घरी ताक प्यायचे. "दोन सालं आले न्हाईत. म्हनलं थकले असतील, आता फोनवरच बोलत्यात." वर बातमी पोचलीच नव्हती. मीच कळवलं नाही. कुणाला सुचत होतं तेव्हा?

मग खरं काम कळलं. गावात शाळा चौथीपर्यंतच. पोरीला वसतिगृहात जागा मिळाली होती. पण सरांनी गाडीचं सांगितलं म्हटल्यावर धोंडाबाईनं ती सोडली. पोर रोज घरी येईल या आशेनं. दाखला गावातल्या एका पोराबरोबर पाठवून इथं प्रवेश घेतला. सोडलेल्या जागेवर दुसरी मुलगी गेली. आणि गाडी कधी येणार ते कुणीच सांगेना, म्हणून सरांना विचारायला आली.

मी सांगितलं. ते सर नव्हते मावशी, मशीन होतं.

"आवाज कुनाचा व्हता?"

"यांचाच."

"मंग?"

मी चहाचं आधण ठेवायला उठले. म्हणाली, "सुपारी फुटली आन् मानूस गेला, तर लगीन मोडतं व्हय? मानूस जातो बाई. सबूद घरावर ऱ्हातो."

मी चिडले. म्हटलं, यांनी नाही दिला शब्द! यांनी कधीच कुणाला दिला नाही. पोर माझ्याकडे नुसती बघत होती. चहासुद्धा घेतला नाही दोघींनी.

१० जून

मॅडमकडे गेले. वरच्या गावांतून सातच प्रवेश झालेत. गाडी नाही. मॅडम रडल्या. बाकीच्या सहा जणींचे बाप मोटारसायकलवर सोडणार आहेत. अपेक्षाला बाप नाही. म्हणाल्या, "एकच राहिली, काकू."

एकच! हे असते तर या शब्दाला खुर्चीवरून उठले असते.

११ जून

श्रीयशला सगळं सांगितलं. म्हणाला, "आई, कायद्यानं आपली जबाबदारी येत नाही." मी म्हटलं, कायदा कुणी विचारला? तू आवाज देऊन टाकलास. आवाज काय जुना सदरा आहे, कुणीही घालून फिरावं?

त्यानं जेवलीस का विचारलं नाही.

१२ जून

फोटोसमोर बसून भांडले. तुम्ही दिलेला नाही, मला ठाऊक आहे. पण आंदर मावळात ते कुणालाच ठाऊक नाही. तिथं तुम्ही दिला आणि मोडला. इतकी वर्षं चढ चढून जे कमावलंत, ते एका फोनवर गेलं. आणि मी काय केलं? त्या पोरीच्या तोंडावर, शब्द आमचा नाही म्हणून ओरडले.

१३ जून

श्रीयशची खोली झाडली. पलंगावरची खोकी खाली काढली.

१४ जून, शनिवार

धोंडाबाईला फोन लावला. म्हटलं, मावशी, तुमचं बरोबर होतं. सरांनीच शब्द दिला होता. उद्या पोरीला घेऊन या. गाडी येणार नाही, पण लागणारही नाही. इथं राहील, माझ्याजवळ.