कान बरोबर असल्याबाबत

२ मार्च, सकाळी ७.३०

आजपासून रोजनिशी. वही मुलीने दिली, मन मोकळं करायला. मन मोकळं करण्याचा विचार नाही. नोंदी ठेवायला वापरतो.

ही गेल्याला चार महिने झाले. तेव्हापासून लोक माझ्याशी हळू बोलतात. पहिला महिना समजून घेतलं. दुःखाच्या घरात माणूस आवाज खाली घेतो. पण चार महिने? वाणी, वॉचमन, बँकेतली मुलगी, सगळे पुटपुटतात. टीव्हीवर बातम्या देणारीसुद्धा. तिला माझ्या दुःखाचं काय?

संकल्प. एक, चिडायचं नाही. दोन, कुकरची शिट्टी बदलायची. सध्याची तिसरी आहे. तीन, हिच्या मोबाइलमधला निरोप दुरुस्त करून घ्यायचा.

तिसरा सर्वांत महत्त्वाचा. जायच्या अकरा दिवस आधी हिने धाकटीला, म्हणजे आपल्या बहिणीला, मोबाइलवर बोलून एक निरोप पाठवला होता. लांबी तीन मिनिटं चाळीस सेकंद. हिचा आवाज घरात एवढाच उरला आहे. लावला की नुसती खरखर, आणि अगदी शेवटी दोन शब्द खणखणीत: "काही नाही!"

बाकीचं पुसलं गेलं आहे. ते मला परत हवं आहे.

३ मार्च, दुपारी १

मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. एकतीस वर्षं दुकानांतले वजनकाटे तपासले. निरीक्षक होतो. दोष उपकरणात कुठे असतो ते मला कुणी शिकवायला नको. त्याला सांगितलं, आवाजाचा भाग खराब आहे, उघडून बघ.

त्याने निरोप लावून मोबाइल मधोमध काउंटरवर ठेवला. कान द्यावा तसा ऐकत उभा राहिला. शेजारची गिऱ्हाईक बाई एकदम भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. दुसऱ्याच्या दुःखात हसणारी माणसं असतात.

मग मान खाली घालून तो काहीतरी म्हणाला. गिऱ्हाइकाकडे बघून बोलायची रीत याला नाही. काय म्हणालास, असं दोनदा विचारलं तर अंगावर ओरडला, काका, फोन एकदम ओके आहे!

फोन ओके म्हणे. चोर दुकानदार हेच सांगायचे. काटा एकदम बरोबर आहे साहेब.

चिडलो: एकदा. सकारण.

५ मार्च, सकाळी ११

भाजी करपली. नवी शिट्टीही वाजत नाही. एकाच कंपनीच्या चार शिट्ट्या बिघडलेल्या. तक्रार लिहिणार आहे.

जुनी शिट्टी शोधताना कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला हिच्या अक्षरातला कागद चिकटवलेला सापडला.

"समोर जाऊन बोलणे. आधी हाक, मग विषय. नळ आणि मिक्सर बंद करून. ओरडणे नाही. चिडणे नाही."

कामवालीसाठी सूचना असाव्यात. पण आमच्याकडे कामवाली नव्हती. मग स्वतःसाठी असतील. ओरडणे नाही, हे काही हिला जमलं नाही. ही माझ्याशी कायम मोठ्याने बोलायची. मला त्याचं काही वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं. स्पष्ट, सरळ, एका शब्दात कळेल असं. असं हल्ली कुणी बोलत नाही. त्यापायी घसा मात्र बारा महिने बसलेला. मी म्हणायचो, गार पाणी पिऊ नकोस. ऐकायची नाही.

कागद तसाच ठेवला.

५ मार्च, संध्याकाळी ६

खालच्या मजल्यावरचे वकील वर आले. बेल न वाजवता दार बडवलं. लोकांनी बेल वाजवायचं सोडलंच आहे. मी उघडलं तर म्हणाले, काका, जरा लाज.

मी म्हटलं, लाज तुम्हाला. चार महिन्यांपूर्वी ज्याची बायको गेली त्याच्या दारात येऊन लाज काढता?

ते म्हणाले, लाज नाही हो, आ-वा-ज. टीव्हीचा आवाज.

मी म्हटलं, आधी स्पष्ट बोलायला शिका. कोर्टात न्यायाधीशांना काय ऐकू जात असेल?

चिडलो: एकदा. तेही सकारण.

७ मार्च, दुपारी ४

धाकटी आली. मीच बोलावलं होतं. निरोप तिच्या मोबाइलमध्येही असणारच. म्हटलं, तुझ्याकडचा ऐकव, माझ्याकडचा कुणीतरी पुसला आहे.

ती एकदम पांढरी पडली. भाऊजी, ते नका ऐकू. तुमच्यासाठी नव्हतं ते.

म्हणजे पुसणारी ही. मी तिला तसं तोंडावर सांगितलं.

मग मात्र तिचा तोल गेला. पुटपुटणं कुठल्या कुठे गेलं. म्हणाली, पुसायचं काय कपाळ? सगळं जिथल्या तिथे आहे. तुम्ही तुमचे कान तपासा आधी!

मी म्हटलं, एकतीस वर्षं काम तपासूनच रिटायर झालो. माझं काम कुणी तपासायची गरज नाही.

काम नाही हो, कान! कान! आणि पर्स उचलता उचलता म्हणाली, माझ्या ताईचा घसा तुम्ही खाल्लात, भाऊजी. दहा वर्षं खाल्लात.

घसा खाल्ला. भाषा बघा. सख्ख्या बहिणींमध्ये एवढा फरक कसा? ही इतकी स्पष्ट बोलायची आणि धाकटी चिडल्याशिवाय ऐकूच येत नाही.

चहा न घेता गेली. केला होता. मी दोन्ही कप प्यायलो.

११ मार्च, सकाळी ९

मुलीचा फोन. धाकटीने तिकडे चुगली केली आहे. बाबा, एकदा कानवालीला दाखवा, माझ्यासाठी. अपॉइंटमेंट मी घेते.

आधी नाही म्हणालो. मग विचार केला. वकील, दुरुस्तीवाला, धाकटी, तिघांचा आरोप एकच. अशा वेळी माणसाने काय करावं? प्रमाणपत्र दाखवावं. काट्यावर चालू वर्षाचा शिक्का असला की दुकानदाराला कुणी बोलू शकत नाही. कानवालीकडून लेखी घ्यायचं की कान बरोबर आहेत. तीन प्रती काढायच्या. एक वकिलाच्या दारावर. एक दुरुस्तीवाल्याच्या काउंटरवर. एक धाकटीला, रजिस्टर पोस्टाने.

मसुदा तयार केला. विषय: कान बरोबर असल्याबाबत. कानवालीने फक्त सही करायची.

मुलीला म्हटलं, येतो. ती रडली बहुतेक. लाइन खराब होती.

१५ मार्च, दुपारी २

तपासणी झाली. सविस्तर लिहितो, पुढे वाद झाला तर उपयोगी पडेल.

कपाटाएवढ्या खोलीत बसवलं. कानावर हेडफोन. पीप ऐकू आली की बटण दाबायचं. पाचसहा वेळा दाबलं. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. मी काचेतून खूण केली, चला, सुरू करा. तिने दार उघडून समोर येऊन सांगितलं, काका, संपलं.

मग शब्द. ती म्हणणार, मी परत म्हणायचं. सोपं होतं. दोनतीन शब्द बरोबर आल्यावर तिने तोंडापुढे पुठ्ठा धरला. मी ताबडतोब हरकत घेतली. हा सरळ सरळ काटा मारण्याचा प्रकार आहे. ऐकू येण्यासाठी समोरच्याचं तोंड दिसायला नको का? ती म्हणाली, काका, नको. कानांना तोंड दिसायची गरज नसते.

तिने भात म्हटलं, मी हात. सून म्हटलं, मी ऊन. फूल म्हटलं तिथे मी सांगितलं की मूल एकच, मुलगी, दुसऱ्या गावी असते. पंचवीसपैकी नऊ.

मी विचारलं, तुमचं हे मशीन शेवटचं कधी तपासलं? या प्रश्नावर भले भले दुकानदार घामाघूम व्हायचे. तिने मशीन वळवून मागचा शिक्का दाखवला. चष्मा लावून बघितला. तारीख चालू. सही बरोबर. शिक्का खरा होता.



१५ मार्च, दुपारी ४

मघाशी एक राहिलं. प्रमाणपत्र मिळालं. मजकूर वेगळा आहे. दोन्ही कान, मध्यम ते तीव्र, बरीच वर्षं जुनं. प्रती काढलेल्या नाहीत.

आणखी एक. कानवालीच्या भिंतीवर मोठा छापील कागद आहे. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर. समोर जाऊन बोला. आधी हाक मारा, मग विषय काढा. नळ, मिक्सर बंद करून बोला. ओरडू नका, ओरडण्याने शब्द स्पष्ट होत नाहीत. चिडू नका.

मी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. कानवाली मागून काहीतरी म्हणाली. मी वळलो. तिने परत सांगितलं. मला नीट ऐकू आलं नाही असं मी म्हटलं. असं मी बहुतेक पहिल्यांदाच कुणाला म्हटलं असेन. तिने लिहून दिलं. अक्षर स्पष्ट होतं.

"तुमच्या मिसेस शनिवारच्या बैठकीला यायच्या. कमी ऐकू येणारे आणि त्यांच्या घरचे, असे आम्ही भेटतो. त्या एकट्याच यायच्या. तुमची अपॉइंटमेंट दोनदा घेतली होती."

शनिवारी ही भाजीला जायची. चार तास लागायचे. मी म्हणायचो, एवढा वेळ कशाला?

१६ मार्च, सकाळी ८

शांतपणे विचार केला. नऊ जरी आले तरी त्या दिवशी झोप नीट झालेली नव्हती. शिवाय खोली कोंदट. मशीन कानात घालण्याचा प्रश्नच येत नाही. बैठकीलाही जाणार नाही. ऐकू न येणाऱ्या वीस माणसांची बैठक म्हणजे नुसता आरडाओरडा.

पण उपकरण बिघडलं आहे असं म्हणायला आता एकच उपकरण उरलं. ते मी नोंदवून ठेवत नाही.

२१ मार्च, सकाळी १०

परवा मशीन घेतलं. फक्त ट्रायलवर, पंधरा दिवस. मुलीच्या समाधानासाठी. धाकटीला कळवायचं नाही.

बिघडलेलं आहे. पेपर उलटताना पत्रा फाडल्यासारखा आवाज येतो. चपला वाजतात. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो. तो नळ कधीपासून ठिबकतोय कुणास ठाऊक. कुकर लावला तर शिट्टीने दचकून हातातला डबा पडला. चारही शिट्ट्या आळीपाळीने लावून बघितल्या. चारही वाजल्या.

तक्रारीचं पत्र पाठवलं नव्हतं हे बरं झालं.

वकील जिन्यात भेटले. म्हणाले, काका, हल्ली टीव्ही बंद असतो का? मी म्हटलं, चालू असतो. लगेच घरात येऊन दार लावून घेतलं. त्यांच्याशी बोलायची इच्छा नाही.

निरोप अजून लावलेला नाही. आधी मशीनची सवय व्हायला हवी, असं कानवाली म्हणाली. असं ती म्हणाली नाही. असं मी ठरवलं.

२३ मार्च, सकाळी ११.४०

निरोप लावला.

आधी वाटलं दुसराच लागला. एक बाई हळू, भरभर बोलत होती. बंद करून तारीख बघितली. तारीख तीच. पुन्हा पहिल्यापासून.

अगं, हे समोरच बसलेत, पेपर वाचतायत. तरी बिनधास्त बोलतेय बघ. काल गॅसवाला वीस मिनिटं बेल दाबून परत गेला. मी आंघोळीला आणि हे बेलच्या खाली बसून शब्दकोडं सोडवतायत. वर मलाच सांगतात, लोकांनी बेल वाजवायचं सोडलं. कानाचं नाव काढलं की तीन दिवस अबोला. अबोल्याचं काही नाही गं, तेवढाच माझ्या घशाला आराम.

इथे ती हसली. असं हसताना मी हिला पाहिलं आहे. ऐकलं नव्हतं.

येत्या शनिवारी पुन्हा त्या कानवालीकडे जाते. एकदा यांना घेऊन जायचंय काहीही करून. सरळ सांगून यायचे नाहीत. तिथल्या मशीनवर शिक्का आहे का ते तपासायला चला, असं सांगून न्यावं लागेल. मशीन तपासायला म्हटलं ना, की हे कुठेही येतील.

पुन्हा हसली.

मग मागून एका पुरुषाचा आवाज. मोठा, उर्मट. काय गं? मला काही म्हणालीस?

तो मी.

आणि मग त्याच बाईने, श्वास घेऊन, घसा ताणून: "काही नाही!"

हा आवाज मात्र ओळखीचा होता.

दुपारी १२.१५

धाकटीला फोन केला. ऐकला निरोप, एवढंच म्हणालो. जास्त काही बोलायचं ठरवलं नव्हतं.

पलीकडून काहीच आलं नाही. मी मशीन काढून बॅटरी तपासली.

बॅटरी ठीक होती.