खालच्या फळीवरचे कप

दादा,

दोन वर्षांनी येतोयस, तर आल्या आल्या एक काम कर.

तू पोचशील तेव्हा बाबा चाकावर कप घडवत बसलेले असतील. हात थरथरताना दिसले तरी बघून न बघितल्यासारखं कर. त्यांचे कप ते वरच्या फळीवर ठेवतील. वाकडेतिकडेच असतील.

दुपारी ते आडवे झाले की ते सगळे मोडून मातीच्या बादलीत टाक. खालच्या फळीवर ओल्या फडक्याखाली माझे कप आहेत, तेवढेच वर मांड. प्रत्येक कपाच्या कानाखाली अंगठा दाब, ती बाबांची खूण. माझा अंगठा बारीक उमटतो. तुझा त्यांच्यावर गेलाय. मग फळी अंगणात ठेव. तिथे ऊन दोनच तास येतं. पानगळ लागलीय. ओल्या कपांना पानं चिकटतात, तेवढी अलगद काढ.

वर्षभर हेच चाललंय. त्यांचं मन मोडवेना म्हणून सुरू केलं. आता 'हात अजून शाबूत आहे' म्हणत त्यांनी पुढच्या वर्षाचंही काम घेऊन ठेवलंय. म्हणून शाळेतली ती शिकवण्याची नोकरी मला जमणार नाही, हे आज तिथे सांगायला चाललेय. फोनवर बोलले असते तर बाबांनी ऐकलं असतं. संध्याकाळी येतेच. जाणार कुठे?

काल त्यांनी माझाच एक कप उजेडात धरून फिरवला आणि म्हणाले, "तुझा हात असा कधी बसणार गं?"

मी म्हटलं, "शिकतेय, बाबा."