धानाची धूळ आणि अर्चू

१४ नोव्हेंबर
सकाळी अर्चूचा फोन. बोलता बोलता शिंका, एकामागून एक. म्हटलं, सर्दी झाली का? "नाही बाबा, धान कापणं सुरू झालं का असंच होते. मागच्या साली पण झालं होतं." मागच्या साली सांगितलं नाही पोरीनं. भंडाऱ्यात हातमागाच्या गल्लीत वाढली, धान तिनं ताटातच पाहिलं. सिहोऱ्याला दिली तेव्हा हे कोणाच्या डोक्यात येणार?
दिवसभर दुकानात लक्ष नाही. एका बाईनं लाल पातळ मागितलं तर हिरवं दाखवलं.

१७ नोव्हें.
सुमननं फोन घेतला आणि लेकीला हळदीचं दूध सांगितलं. अर्चू म्हणे, "घेऊन राहिली ना आई." डोळे सुजतात, नाक बंद, तोंडानं श्वास. तिची सासू म्हणते, "आमी जन्मभर या धुरळ्यात राह्यलो, आमाले नाही झालं. हिलेच काहून?"


२१ नोव्हें.
सिहोऱ्याला जाऊन आलो. तुमसरला एस.टी. बदलली. अंगणाला लागूनच खळं, थ्रेशर चालू. धुळीत माणूस ओळखू येईना. अर्चू तोंडाला ओढणी बांधून झोडलेल्या धानाचं तणीस ओढत होती. मला पाहून हसली आणि खोकलाच सुरू झाला. जवळ गेलो तर छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज.
जवाईबापूंना बाजूला घेतलं. म्हटलं, डॉक्टरला दाखवतो, घेऊन जातो. मंगेश वाईट माणूस नाही. म्हणाला, "न्या ना बाबा. पण मशीन आजच आली आहे, उद्या दुसऱ्याकडे जाईन. मजूर भेटत नाही. घरची बाई नसन तं..."
चहा घेतला आणि एकटाच परत आलो.

२२ नोव्हें.
सुमन बोलत नाही माझ्याशी. एकदाच बोलली. "हात धरून आनाची होती."

२५ नोव्हें.
मंगेशनंच आणली आज. चेहरा पांढरा पडलेला. "बाबा, सकाळी हिले श्वासच घेता येईना." तसेच डॉक्टरीणबाईंकडे. आधी वाफ दिली मशीननं, मग तपासलं. ॲलर्जी आहे म्हणाल्या, धानाच्या धुळीची.
नाकात मारायचा फवारा, रोज, बरं वाटलं तरी सोडायचा नाही. गोळी. छातीसाठी पंप. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं. ओढणी कामाची नाही, घट्ट बसणारा मास्क. खळ्यावरून आलं का आंघोळ, कपडे बदलायचे. पुढच्या खेपेला कापणीच्या आधीच फवारा सुरू करायचा. "आणि धुळीपासून दूर राहा."
अर्चू म्हणाली, "मॅडम, घरच धुळीत आहे."


२८ नोव्हें.
इथे शांत झोपते. आज दोन पोळ्या मागून घेतल्या. सुमन आनंदात.
दुपारी विहीणबाईंचा फोन. "पंप नका देऊ तिले, सवय लागते." मी म्हटलं, डॉक्टरनं सांगितलं आहे. तर त्यांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "माझा भाऊ दम्यानंच गेला भाऊजी. पंप होता त्याच्या हातात."


२ डिसेंबर
अर्चूला म्हटलं, गावातलं सगळं धान चुरून, मळणी संपेपर्यंत राहा. खूप वेळ घडी घातलेल्या टॉवेलाची परत परत घडी करत बसली. मग म्हणाली, "दरसाल येऊन राहू का बाबा? मंग ते घर माझं कधी होईन?"
सुमन उठून आत गेली.

४ डिसें.
नेऊन सोडली. मास्क विहीणबाईंनी हातात घेऊन उलटापालटा पाहिला, ठेवून दिला. पंप अर्चूनं साडीच्या घडीत सरकवला. मला दिसलं, तिलाही कळलं मला दिसलं ते.

११ डिसें.
फोन. पंप घेते का? "घेते." कुठे? "न्हाणीत." लपून? "घेते ना बाबा. बस झालं."
मंगेश आता स्वतःही मास्क लावतो म्हणे. गावातले हसतात. तो म्हणतो, "मी लावतो तं तिले लाज नाही वाटत." हे ऐकून बरं वाटलं. मग वाटलं, यापेक्षा जास्त मी तरी काय केलं?

१९ जानेवारी
सिहोऱ्यात धान संपून बरेच दिवस झाले. अर्चूचा आवाज मोकळा. सुमन तिळाचे लाडू पाठवायचं म्हणते.
संध्याकाळी मंगेशचा फोन, खुशीत. "बाबा, बोरवेलले पाणी मस्त आहे. औंदा उन्हाळी धान पण लावून राहिलो."
चांगलं आहे, म्हटलं. उन्हाळीचं धान म्हणजे पुन्हा कापणी, पुन्हा थ्रेशर. सुमनला सांगितलं नाही.
मग अर्चूला लावला. विहीणबाईंनी उचलला. "ते धानाच्या बांधीत गेली मंगेशसंगं, चिखलणी पाहाले. काही काम होतं का?"
"नाही," म्हटलं. "सहज केला."