नकाशावरची टिकली

ता. ३ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

म्हणजे परत माझंच चुकलं. मी संशयी, माझं डोकं तापट, शाळेत टिकलो असतो तर अक्कल आली असती. बरं. पण मग मला सांग, बंद पडलेल्या जहाज कारखान्याच्या जागेचं काय करायचं म्हणून वस्तीला विचारलं, भिंतीवर नकाशा लावला, जे हवं त्यावर लावायला माणशी एक लाल टिकली दिली, आणि आपल्या अप्पांनी ती नेमकी हॉटेलावर का चिकटवली? हॉटेल झालं की त्यांच्या मोटारी उभ्या करायला पाण्याकाठची तुझी होड्या दुरुस्तीची शेड जाणार. एवढं त्यांना कळत नाही होय? शेजारचा रंगारी त्यांच्याशी बोलायचा बंद झाला म्हणतेस. तो काय उगाच?

मी इथे गिरणी पाडतो. इथेही आधी लोकांना विचारलं होतं म्हणे. मुकादम हसत सांगतो, की विचारायच्या आधीच पाडायचं कंत्राट देऊन झालं होतं. तेव्हा अप्पांना कुणी काय दिलं त्याचा छडा लाव. त्यांच्या नाकावर नवा चष्मा कुठून आला तेही विचार.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.

तुझा,
धाकटा


ता. १४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चष्मा मी घेऊन दिला, हप्त्यावर. झालं समाधान?

तरी तुझ्या पत्राने माझ्याही डोक्यात किडा सोडला. अप्पांना सरळ विचारलं, की हॉटेलवाल्यांनी काय कबूल केलंय. त्यांनी मलाच विचारलं, की कुठलं हॉटेल. अरे, त्यांनी टिकली कारखान्यातल्या आपल्या जुन्या भट्टीवर लावली होती. नदीचं वळण ओळखलं, तिथून बोट सरकवत आले, जन्मभर जिथे उभे राहिले ती जागा सापडली, आणि टिकली लावून खुशीत घरी आले. तिथे आता काय रंगवलंय ते बघितलंच नाही.

मग मी कारखान्यातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांकडे गेले. वेल्डरकाकांनी आपल्या खात्यावर लावलेली, क्रेनवाल्या मामांनी क्रेनवर. सगळी खाती एकाला एक लागून होती आणि त्या सगळ्यावर मिळून ते हॉटेल काढलंय. रंगारी अप्पांवर फुगून बसलाय ना, त्याची स्वतःची टिकलीही तिथेच आहे.

ज्यांनी नकाशा लावला त्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, की चूक झाली असेल तर ज्याने त्याने सुनावणीला जातीने येऊन सांगायचं. अठ्ठावीस तारखेला, थेट शहराच्या त्या टोकाला. निम्मे जण आता मुलांकडे लांब राहायला गेलेत. कुणाचे गुडघे, कुणाचा दमा. बस करावी तर बसवाला आगाऊ मागतो, आणि माझ्याकडे शेडचं भाडं भरण्यापुरतंच आहे.

अप्पा त्या दिवसापासून चष्मा घालत नाहीत. त्यांना दोन ओळी लिही. तब्येतीला जप.

तुझी,
ताई


ता. २० मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अप्पांना वेगळं लिहिलंय. ते तू फोडू नकोस.

माझा संशय मात्र गेला नाही, अप्पांवरून उठून दुसरीकडे जाऊन बसला. नकाशा काढणाऱ्याला खाती कुठे होती ते ठाऊक नव्हतं म्हणतेस? म्हाताऱ्यांच्या शेजारी उभं राहून, काका, ही बघा तुमची जागा, असं गोड बोलून बोट कुणी दाखवत होतं का, ते एकेकाला विचार. दाखवत असेल तर कोण, तेही.

सुनावणीला जाताना नकाशाची नक्कल बसमध्ये फिरव आणि तुझी शेड प्रत्येकाला बोट ठेवून दाखव. रंगाऱ्याला अप्पांच्या शेजारीच बसव. भांडले तर भांडू देत, वाट तरी सरेल. बसवाल्याला पैसे चारचौघांत दे, पावती घे. त्याचाही कुणी मेहुणा हॉटेलवाल्यांकडे असायचा.

माझ्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नकोस, माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. मी यंदा घरी येत नाही. तिकिटाचे बाजूला ठेवले होते ते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल, मिळून चार हजार सहाशे पाठवतोय.