मगनभाऊची प्रार्थना

शहादे, सोमवार, ता. ९ फेब्रुवारी १९३१

मगनभाऊ, तुला प्रेमाचा सलाम.

तुला वाचता येत नाही, आणि परक्याने वाचून दाखवावं असं हे पत्र नाही. म्हणून ते माझ्या पवित्र शास्त्राच्या पानांतच राहील.

आपल्या ओट्यावरची रविवारची प्रार्थना अजून चालते. बाराजण येतात. मिशनच्या साहेबांनी मला प्रार्थनेचा पुढारी नेमलं, तेव्हा मी त्यांच्या शाळेतून नवाच आलो होतो. सगळं नीटनेटकं व्हावं, एवढंच मला कळत होतं.

त्या रविवारी तू उठून म्हणालास, "बाप, तू आठे शे ना? मन्ही गाय उठत नई. तिले बरी कर." मी तुला सगळ्यांदेखत अडवलं. देवाशी असं गोठ्यातलं बोलू नये, म्हणालो. तू खाली बसलास, आणि संध्याकाळी नंदुरबारला जाऊन सुरतेची गाडी धरलीस.

भाऊ, तेव्हापासून कोणीच प्रार्थनेला उठत नाही. माना खाली घालून सगळे माझ्या आमेनची वाट बघतात. दगूबाईचा नातू तापाने गेला, तरी तिने इथे तोंड उघडलं नाही. घरी जाऊन चुलीपुढे रडली.

काल मी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं आणि आपल्या बोलीत सुरुवात केली, "बाप, मन्हा भाऊ कोठे शे?" तेव्हा दगूबाई काठी टेकत उठली. "बाप, मगनले घर लई ये," असं तुझं परतणं तिने मागितलं.

दोन वर्षं एक गोष्ट तुला कळवली नाही. तू गेलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी गाय उठली होती.

तुझा धाकटा,
सुपडू