धडधाकट आईसाठी प्रार्थना

२ मे, मंगळवार

आलं! न्यूझीलंडचं आलं! मला आणि सेराला, दोघींना — कायमचं राहायची मंजुरी!

चहाच्या सुट्टीत फोन पाहिला. बोटं गारठलेली, तीनदा वाचलं, तरी अक्षरं तीच. किंचाळावंसं वाटलं. समोर माझी मामेबहीण सालोते चहात बिस्किट बुडवत बसली होती. "काय गं लिती, तोंड असं का? नवरा मिळाला की काय?" आमच्यात मामाच्या मुलीनं टोमणे मारायचे आणि आपण ऐकून घ्यायचे, तो तिचा हक्कच. मी फोन खिशात टाकला आणि म्हटलं, सेराचा फोटो आलाय.

मंजुरी मिळून दोन मिनिटं झाली नव्हती, आणि पहिलं खोटं बोलूनही झालं.

३ मे, बुधवार

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

५ मे, शुक्रवार

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं तरी ठिकाणावर येईल.

अडीच वर्षांपूर्वी आम्ही सहाजणी फिजीहून इथं ऑस्ट्रेलियात मांसाच्या कारखान्यात आलो. चार वर्षांचा कामाचा व्हिसा. मुलं आणायची नाहीत. सेरा तेव्हा साडेपाचची होती, आता आठची. माझ्या आईकडे असते. तिचे दुधाचे दात पडले ते मी फोनवर पाहिले, नवे आले तेही फोनवरच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मला ती एकच आहे.

निघण्याआधी गावच्या सभागृहात सगळ्यांसमोर शब्द दिला. मी दिला, कारण सहाजणींची प्रमुख मी. "चार वर्षं पुरी करू. मध्येच कुणी कुठे जाणार नाही." खाडीपलीकडच्या गावातल्या दोघी मध्येच काम सोडून गेल्या, तेव्हापासून त्या गावाला कुणी विचारत नाही. आमच्यामागे गावातले दहाजण या कामाच्या यादीत नाव लावून बसलेत. हे सगळं ठाऊक असताना मी गुपचूप न्यूझीलंडच्या व्हिसाच्या सोडतीत नाव घातलं. निघतंय कशाला, म्हटलं. तर हजारोंतून माझंच निघालं! आमच्याच गावचा टोमासी ऑकलंडला एका वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळतो, त्यानं नोकरीचं पत्र दिलं. त्यालाही बजावलं — कुणाकडे बोलायचं नाही.

खरं तर करायचं ते सोपं आहे. यांगोनाची मुळं, ज्यांचं आमच्यात मानाचं पेय करतात, ती मोठ्या माणसापुढे ठेवायची, मान खाली घालायची आणि जायचा निरोप मागायचा. आमच्यात न विचारता कुणी जात नाही. जो जातो त्याचं नाव मग जेवतानाही निघत नाही. आम्हा सहाजणींच्या या घरात वयानं मोठी मेरेओनी मावशी. तिच्यापुढे ठेवायचं, बस्स. मुळंसुद्धा आणून ठेवलीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, फीत बांधून. कपाटात बुटांमागे लपवलीत! कपाट उघडलं की मातीचा वास येतो, मी पटकन दार लावते.

७ मे, रविवार

काय करून बसले मी!

चर्चहून आल्यावर जेवायला बसलो. उकडलेल्या अळकुड्या, नारळाच्या दुधातली भाजी, बरगड्या. मावशी म्हणाली, "लिती, तीन दिवस बघतेय, तुझ्या ताटातलं तसंच राहतंय. काय झालंय?" सगळ्यांचे हात थांबले. हीच वेळ होती. याहून बरी वेळ मिळाली नसती. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं —

"आई आजारी आहे."

"अगंबाई! काय होतंय तिला?"

"पोटात... पाणी झालंय पोटात."

कुठून सुचलं देव जाणे! मावशीनं ताट बाजूला सारलं. "मग तू इथे काय करतेस? तुला जायला हवं." मी मान डोलावली. त्या क्षणी सगळंच सोपं झालं. काम सोडायला कारण मिळालं, गावी जायलाही. तिथून सेराला उचलायचं आणि परस्पर ऑकलंड. यांना कळेल तोवर मी पोचलेली.

खोटं बोलायला लागले की मी इतकी हुशार होते, हे माहीत नव्हतं.

८ मे, सोमवार

काम संपल्यावर प्रार्थना. गुडघे टेकून एकेकीनं माझ्या आईसाठी मागितलं. सालोतेनं सगळ्यांत जास्त वेळ मागितलं. ती माझ्या आईला आत्या म्हणते — लहानपणी तापात तिनंच कसं मांडीवर घेतलं होतं, तेही देवाला सांगितलं. मावशीनं जाहीर केलं, माझ्या आईला उतार पडेपर्यंत दुपारपर्यंत काही खाणार नाही, नुसतं पाणी. साठीला आलेली बाई, पहाटे पाचपासून सुरी चालवणार, तीही उपाशी! मी म्हटलं नको. म्हणाली, "तू गप. आई तुझी एकटीची नाही."

वर सालोतेनं गावी फोन केला. मेले मी.

९ मे, मंगळवार

आईचा फोन.

"लिती, मला काय झालंय गं?"

"आई..."

"नाही, सांग तरी. सकाळपासून बायकांची रीघ लागलीय. एकीनं माशाचा रस्सा आणला, एकीनं पपईची पानं उकळून आणली. मी अंगणात चटईसाठी केवडा चिरत बसले होते, तर हातातली सुरी काढून घेतली माझ्या! कुठं दुखतंय, कुठं दुखतंय. कुठं दुखू मी?"

"पोटात," म्हटलं.

मग सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच — "सेराला घेऊन जाणार?"

"हो."

"कायमची तुझ्याजवळ?"

"हो, आई."

"बरं. मग मी होते आडवी."

मी हसले! खरंच हसू आलं. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. माझ्या आईला मी खोटं बोलायला लावलं. नारळ विकताना तिनं आयुष्यात कधी मापात मारलं नाही.

११ मे, गुरुवार

सेराचा फोन. आईनं तिला खरं सांगितलेलं नाही. पोर आहे, बोलून बसेल म्हणून.

"आई, आजी मरणार आहे का?"

"नाही गं राणी. आजी बरी होणार."

"तुला कसं माहीत? तू कुठे इथे आहेस?"

खरं उत्तर तोंडात होतं आणि ते देता येत नव्हतं. आठ वर्षांची पोर घाबरून आजीच्या पायाशी झोपतेय, का, तर तिच्या आईला चार बायकांसमोर तोंड उघडायची हिंमत नाही.

१२ मे, शुक्रवार

राजीनामा दिला. देखरेखीवरचा साहेब एरवी कुणाशी बोलत नाही. आज हात पुढे केला. "आई एकच असते," म्हणाला. त्यालाही आजच माणुसकी सुचायची होती!

दहाच्या सुमाराला मावशीला घेरी आली. भिंतीशी बसवलं, साखरेचं पाणी देत होतो, घेईना. "बारा वाजू देत." मी तिच्यासमोर उकिडवी बसले होते. तेव्हा तरी सांगायचं! नाही सांगितलं. तिच्या सुरीला धार करून दिली आणि माझ्या जागेवर गेले.

१३ मे, शनिवार

आज घरात भेटी मांडल्या. माझ्या आईसाठी. साबण, टॉवेल, कमरेला गुंडाळायचे दोन फुलाफुलांचे सुलू, खोबरेल तेल. सालोतेनं तिच्या पलंगावरची चटई काढून दिली. बारीक विणीची, तिच्या आईच्या हातची, कडेला लाल लोकर. गावाहून तिनं तेवढी एकच आणली होती.

"आत्याच्या पाठीला टोचणार नाही ही," म्हणाली. "आणि तू उगाच आठवडाभर राहून पळत येऊ नकोस. तिला उठवून बसव, मग ये. तुझ्या जागी मी बघते इथलं. तशीही तू प्रमुख आहेस हे फक्त तुलाच वाटतं."

सगळ्या हसल्या. मी चटई कवटाळून रडले. त्यांना वाटलं आईसाठी. मावशी माझी पाठ चोळत होती आणि मला वाटत होतं, हिनं आत्ता एक ठेवून द्यावी.

१५ मे, सोमवार

आईचा फोन. आवाज कडक. "मी उद्या उठणार."

"आई, गुरुवारचं विमान आहे, तीनच दिवस —"

"नाही. आज पाद्रीबाबा माझा हात धरून रडले. त्यांची आई गेल्या वर्षी गेली ना. इतकी वर्षं त्या माणसाच्या प्रवचनात मी झोपा काढल्या, तेवढं पाप मला पुरे आहे. उद्या उठते, यांगोना घेऊन सभागृहात जाते आणि सगळ्यांची माफी मागते. तू तिकडे बोल. माझ्याआधी बोल. त्या पोरींना फोनवरून कळायला नको."

"मला नाही जमणार."

"मग सेराला काय शिकवणार आहेस तिकडे नेऊन?"

ठेवला फोन.

१६ मे, मंगळवार

झालं.

काम सुटल्यावर सगळ्या प्रार्थनेला बसत होत्या. मी कपाटातून पुडकं आणलं, चटईवर मावशीपुढे ठेवलं आणि खाली बघत सांगितलं. आई धडधाकट आहे. आधीपासूनच धडधाकट होती. मी न्यूझीलंडला चाललेय, कायमची. सभागृहातला शब्द मोडून. आधी माफी मागते आणि मग निरोप.

मोठ्या माणसानं पुडक्याला हात लावला तर स्वीकारलं. मावशीनं हात लावला नाही. मी किती वेळ मान खाली घालून होते सांगता येणार नाही. मान दुखायला लागली.

"आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस उपाशीपोटी सुरी चालवली गं मी."

"हो, मावशी."

"मला घेरी आली तेव्हा तू समोर होतीस."

"हो."

"सांगितलं असतंस तर अडवलं असतं का मी? पोरीसाठी जातेस म्हटल्यावर? मी अडवणार, हे तुझं तूच ठरवलंस. आई म्हणवतेस, आणि आईचंच मरण मांडलंस!"

मग पुढे झुकली आणि पुडक्यावर तळवा ठेवला. सगळ्यांनी रीतीप्रमाणे ओंजळीनं टाळ्या वाजवल्या, तीनदा. सालोतेनं वाजवल्या नाहीत. ती म्हणाली, "पुढच्या वर्षीच्या यादीत माझा भाऊ आहे. विसरलीस?" आणि उठून मागे दोरीवरचे कपडे काढायला गेली. कपडे ओलेच होते. तरी काढत होती.

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१७ मे, बुधवार

आई सभागृहात जाऊन आली. सेराला कळलं. फोनवर आली नाही.

सालोते दिवसभर माझ्याशेजारी उभी राहून काम करत होती. मी चटई घडी करून दोनदा तिच्या पलंगावर नेऊन ठेवली. दोन्ही वेळा तिनं ती परत माझ्या पिशवीवर आणून टाकली.

१८ मे, गुरुवार

विमानतळावर लिहितेय. सोडायला सालोते आली. मावशीनं पाठवली असेल म्हटलं, तर म्हणाली, "मला कुणी पाठवत नाही."

बाकावर बसलो. मी विचारलं, "रागावलीयस?"

"मग! आरती ओवाळू?" मग माझ्या पिशवीकडे बघत, "चटई सेराला दे. म्हातारी बरी आहे ना आता, तिला काय करायचीय? चमत्कारच झाला म्हणायचा. आपल्या प्रार्थनेत केवढी ताकद!"

मला हसू आलं आणि रडूही. ती पुढे म्हणाली, "इथलं बघेन मी. साहेबाला सांगितलंय, उरलेलं दीड वर्ष पाचहीजणी पुरं करणार. एक गेली तरी गावाचा शब्द राहिला असं म्हणता येईल. यादी जाणार नाही."

"तुझी तीन पोरं तिकडे, सालोते..."

"माझ्या पोरांचं मी बघेन. तू तुझीचं बघ. जा आता, नाहीतर विमानालाही सांगशील आई आजारी आहे म्हणून."

लाज अजून आहे. पण आज पहिल्यांदा पोटभर जेवले. माफी मिळाली की माणसाला भूक लागते वाटतं.

४ जून, रविवार

ऑकलंड. सेरा माझ्याशेजारी चटईवर पालथी पडून शाळेचा कागद रंगवतेय. गावी पोचले तेव्हा पहिले दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू खोटं बोलतेस ना, ते आता बंद." शपथ घ्यायला लावली. घेतली.

११ जून, रविवार

चर्चहून येताना टोमासी सहज बोलून गेला. "स्वयंपाकघरात तू उभी असतेस ना, ती जागा गेल्या वर्षी मी सालोतेसाठी ठेवली होती. तिचंही नाव निघालं होतं सोडतीत, तिचं आणि तिघा पोरांचं. पत्रसुद्धा दिलं होतं मी. तिनंच कळवलं, नको म्हणून. सभागृहात शब्द दिलाय, लिती तोंडघशी पडेल, म्हणाली. तुला माहीतच असेल म्हणा."

सेरा माझा हात धरून चालत होती.

"हो," मी म्हटलं. "माहीत आहे."