मारिटसाठी एकतीस कार्डं

रवि., ४ ऑक्टो. ६४
मारिट आज परत लागली! रेडिओवर, साडेबाराच्या विलायती गाण्यांच्या कार्यक्रमात, तिसरं गाणं. भात शेगडीवर होता तो तसाच राहिला, खाली लागला. सा.बाई आतून, "कुमुद, करपतंय काय गं?" मी म्हटलं, "करपू दे." सासूशी असं बोलण्याची ही पहिलीच खेप.
नॉर्वेची पोर. वीस वर्षांची. तिकडं म्हणे नाव व्हायला लागलंय. निवेदक म्हणाला, गाणं वाऱ्यात कपडे वाळत घालणाऱ्या बाईवर आहे. भाषेचं एक अक्षर कळत नाही. पण ती वरचा सूर घेते आणि मधेच सोडते तिथं...
नियम असा: नवीन गाण्याला पाच रविवार. तेवढ्यात ऐकणाऱ्यांची पोस्टकार्डं पुरेशी आली तर दहांच्या यादीत, नाहीतर बंद. आजचा दुसरा रविवार.
सा.बाई जेवताना: "कोण ही मारुती?"

सोम., ५ ऑक्टो.
ऑफिसात डब्याच्या वेळी हाच विषय. बापट (पुण्याचा, इंजिनिअर होऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि जगाचं सगळं ठाऊक) म्हणतो, "वहिनी, आवाज फर्स्ट क्लास आहे, नो डाउट. पण नॉर्वेजियनमध्ये गाऊन मार्केट कुठलं? लंडनला जायचं तर इंग्लिश पाहिजे. नाहीतर घरच्या घरी गात बसा."
शिंदे अण्णा ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "आमची माणसं तीनशे वर्षं या बेंगळुरात मराठी बोलत्यात. कुठलं मार्केट होतं? तरी बोलतोयच की."
बापट म्हणाला, "म्हणून तर तुमचं मराठी असं झालंय." सगळे हसले, अण्णा सगळ्यांत जास्त. अण्णांना राग येत नाही. अख्ख्या ड्रॉइंग ऑफिसला त्यांनी हाताला धरून शिकवलंय, मलासुद्धा. माझ्यासारख्या ट्रेसिंगवर शाई ओघळवणारणीला शिकवायचं म्हणजे चेष्टा नव्हे.
दोघांनाही गाणं पाठ आहे, हे महत्त्वाचं. शब्द नव्हे, चाल.

गुरु., ८ ऑक्टो.
शिवाजीनगरला बस बदलताना रेकॉर्डवाल्याकडे डोकावले. नॉर्वेची रेकॉर्ड? तो म्हणाला, "स्वीडनचा स्टोव्ह पलीकडच्या दुकानात मिळेल, अम्मा. गाणं नाही." म्हणजे रेडिओवर बंद झाली की संपलं.
इथं कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. ऑगस्टात ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. ह्यांच्या जागी नोकरी मिळाली, सगळे म्हणतात कुमुद सावरली. सावरली कसली! उठते, बसमध्ये बसते, रेघा मारते, परत येते. गोड लागत नाही, तिखट लागत नाही. आणि त्या पहिल्या रविवारी हे गाणं लागलं आणि मला आवडलं. बस, आवडलं. मोरीत जाऊन नळ सोडून रडले. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी आवडलं होतं. आणि तेही जाणार असेल तर मी काय करू?
बत्तीस वर्षांची घोडी. एका गाण्यासाठी.

रवि., ११ ऑक्टो.
अण्णा सपत्नीक आले, बापटही. त्याच्या खोलीवर रेडिओ नाही, एरवी हॉटेलात ऐकतो. सा.बाईंनी पोहे केले आणि रेडिओकडे पाठ करून बसल्या.
आज तेच गाणं इंग्रजीत. लंडनला जाऊन म्हटलंय म्हणे. बापट उडालाच, "सांगत नव्हतो? आता बघा, वर्षभरात कुठं पोचते!"
मला नाही आवडलं. सूर तेच, पण कोऱ्या चपला घालून चालल्यासारखी गात होती, बिचारी. अण्णांची बायको म्हणाली, "पोरगीला कुणीतरी जबरदस्ती केलीय." अण्णा म्हणाले, "पोट आहे, नाव करायचंय. करू दे की. पण आपली ती पहिलीच." मग तासभर वाद. इंग्रजीत गायली तर मोठी होईल पण आपली राहील का? मोठीच झाली नाही तर आपल्याला ऐकू तरी कशी येणार? बापटचा हा मुद्दा खरा आहे, लबाड आहे पण खरा आहे.
शेवटी निवेदक: मारिटसाठी कार्डं फार थोडी आहेत. दोनच रविवार राहिले.

मंगळ., १३ ऑक्टो.
ठरलं. ऑफिसनं लिहायचं. अण्णांनी डब्याच्या सुट्टीत उभं राहून सांगितलं, "एक माणूस, एक कार्ड. स्वतःच्या हातानं. ज्याला गाणं आवडत नाही त्यानं लिहू नये. खोटं बेडा, खोटं नको." एकतीस जणांनी लिहिलं! कार्यक्रम इंग्रजी, म्हणून मजकूर इंग्रजीत, पहिल्या गाण्यासाठी. आमच्यातल्या सुब्बण्णानं तर चार तारखेला शेजाऱ्याच्या खिडकीखाली उभं राहून पहिलं गाणं ऐकलं होतं, तेवढ्यावर लिहिलं. बापटनं "निषेध नोंदवून" लिहिलं.
ड्रॉइंग बोर्डावर ओळीनं मांडली कार्डं. कसली देखणी! अण्णा शाळामास्तरासारखे मागे हात बांधून बघत होते.

बुध., १४ ऑक्टो.
शिवाजीनगरच्या पोस्टात टाकली. मद्रासचा पत्ता, शुक्रवारी मिळतील. पेटीला हात जोडले मी. मागच्या बाईनंही जोडले, तिला वाटलं काही आहे.

रवि., १८ ऑक्टो.
काय लिहू.
निवेदक आधी हसला. मग म्हणाला, बेंगळुरहून कुणा उत्साही गृहस्थानं वेगवेगळ्या नावांनी एकतीस कार्डं पाठवली आहेत, सगळी एकाच हस्ताक्षरात. कष्टाचं कौतुक आहे, पण खेळ सचोटीनं खेळावा. कार्डं बाद.
परत आमच्याकडेच जमलो होतो सगळे. एकाच हस्ताक्षरात? मी स्वतः बघितलंय, एकतीस माणसं, एकतीस पेनं.
अण्णांना पहिल्यांदा उमगलं. चेहरा उतरला त्यांचा. म्हणाले, "अय्यो अक्का. माझंच पाप."
खरंच की. ड्रॉइंग ऑफिसचं अक्षर! उंची एक, तिरकेपणा एक, अंतर एक. आज एक माणूस रजेवर गेला तर उद्या दुसऱ्यानं तेच ड्रॉइंग पुढं न्यायचं आणि जोड दिसता कामा नये, ही अण्णांची शिकवण. वीस वर्षं सगळ्यांना एका साच्यात घातलं त्यांनी. आमचं इंग्रजी अक्षर वेगळं उरलंच नाही, आणि आमच्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.
मारिट आज लावलीच नाही. लबाडांची लाडकी ठरली ती. आमच्या प्रेमानं तिचं वाटोळं केलं. पुढच्या रविवारी शेवटचं.
अण्णा चहा न घेता गेले.

सोम., १९ ऑक्टो.
सर्वांत जास्त बापट चिडलाय. "मी खोटारडा? मी? मला तर ती पुरती पसंतही नव्हती!" खुलासा पाठवायचा म्हणतो, टाइप करून. अण्णा म्हणाले, "चोरानं मी चोर नाही म्हणून लिहिलं तर कोण मानतं?"
मग ठरलं, प्रत्येकानं परत लिहायचं, आपल्या मूळच्या अक्षरात. बसले सगळे. अहो, येईना! सुब्बण्णानं डाव्या हातानं लिहून बघितलं, कोंबडीनं उकरलेलं बरं. अण्णांनी डोळे मिटून लिहिलं, तरी तेच टपोरं अक्षर उमटलं. कार्ड हातात धरून म्हणाले, "शाळेत माझं अक्षर कसं होतं, अक्का, आठवत नाही बघा."
पोरांकडून, बायकोकडून लिहवून घ्या, कुणीतरी सुचवलं. अण्णा नको म्हणाले. ते मग खरंच खोटं होईल.

मंगळ., २० ऑक्टो.
सकाळी बसला निघण्यापूर्वी कालचं या वहीत लिहिलेलं वाचत होते आणि एकदम डोक्यात आलं. हे अक्षर! हे तर माझंच आहे. तिरपागडं, घाईचं, ह्यांना कधी धड वाचता न आलेलं. मराठीला अण्णांचा हात लागलेलाच नाही!
धावत ऑफिसात. "आपापल्या भाषेत लिहा!"
बापट: "वहिनी, इंग्लिश स्टेशन आहे ते. वाचणार कोण?"
अण्णा: "स्वल्प थांबा. त्या पोरगीचं आपल्याला तरी कुठं कळतं? ऐकतोच की."
बापटनं खिशातून पेन काढलं, म्हणाला, "सरी." म्हणजे बरं. बेंगळुरात दीड वर्ष काढून पहिला कन्नड शब्द!
कन्नड, तमिळ, तेलुगू, आम्ही मराठी तिघं. वर मारिटचं नाव तेवढं इंग्रजीत, तेही जमेल तितकं वाकडं. अण्णांनी मराठीच लिहिलं, पण कन्नड अक्षरांत. घरात बोलले मराठी, शाळेत शिकले कन्नड. मला वाचता येईना, त्यांनी वाचून दाखवलं: "मी लबाड नाही. मला साठ वर्षांच्या आत कुणी एवढं छान गाऊन दाखवलं नव्हतं." मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही चोपन्नचे." म्हणाले, "मग साठाच्या आतच की."

बुध., २१ ऑक्टो.
सकाळी कार्डांचा गठ्ठा पिशवीत घालत होते. सा.बाई दारात. "एखादं उरलंय का गं?"
मला वाटलं, वाण्याला निरोप पाठवायचा असेल. दिलं. तर पाटावर बसल्या, चष्मा लावला, पेन्सिल नको म्हणाल्या, शाईचं पेन मागितलं. पंधरा मिनिटं लिहीत होत्या. बस चुकणार म्हणून माझा जीव वरखाली. त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या, वाईला. वाळवलं, फुंकर मारली, उलटं करून माझ्या हातात दिलं. "मारुतीलाच पाठवायचं हे. तिचं नाव तू घाल वर."
म्हणजे पाठ करून बसायच्या तेव्हा ऐकत होत्या!
पोस्टकार्ड उघडंच असतं, पण वाचलं नाही. वाचवेना. बत्तीस कार्डं पेटीत टाकली.

शनि., २४ ऑक्टो.
उद्या. ऑफिसात आज कुणाचं लक्ष नव्हतं. मी एका ड्रॉइंगवर दोनदा तेच माप घातलं. अण्णांनी ब्लेडनं खरवडून दिलं.
बापट म्हणतो, समजा यादीत आली, तरी पुढं काय? लंडनवाले तिला इंग्रजीच गायला लावणार, दोन वर्षांत पहिलं गाणं तिचं तिला आठवणार नाही. मी म्हटलं, "तिला नसेल आठवत. आम्हाला आठवेल." तोंडातून गेलं खरं. पण दोनदाच ऐकलेलं माणसाला किती दिवस आठवतं? ह्यांचा आवाज मला आता नीट आठवत नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही.
यादीत आली पाहिजे. यायलाच पाहिजे.

रवि., २५ ऑक्टो.
सगळे बारापासून येऊन बसलेले. सुब्बण्णाही आला. सा.बाई आज रेडिओकडे तोंड करून बसल्या, हात मांडीवर.
दहा, नऊ, आठ... एकपर्यंत झाली यादी. मारिट नाही. अण्णांच्या बायकोनं माझा दंड धरला.
मग निवेदक म्हणाला, आणखी एक. बेंगळुरहून पुन्हा एक गठ्ठा आलाय. यावेळी प्रत्येक अक्षर निराळं, तमिळ कार्डं वाचली, पण बाकीची आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाहीत. मारिटचं नाव तेवढं कळलं. न वाचता कार्डं मोजणं बरोबर नाही, आणि न वाचता फेकणंही बरोबर नाही. या भाषा जाणणारी माणसं शोधतो आहोत. तोवर मारिट यादीत नाही, बाहेरही नाही. पुढच्या रविवारी सांगू.
आणि संपला कार्यक्रम. गाणं नाहीच लावलं.
बापट म्हणाला, "ही इज अ जंटलमन." सुब्बण्णा म्हणाला, नाही, टोलवतोय. अण्णा म्हणाले, माझ्या कार्डापाशी सगळे अडकणार, अक्षरं कन्नड नि भाषा मराठी, वाचणारा डोकं धरून बसेल. त्यांना आता त्याचीच काळजी. वाद घालतच गेले सगळे, फाटकाशी अजून अर्धा तास उभे होते.
सा.बाईंनी विचारलं, "काय म्हणाला तो?"
मी सांगितलं, तुमचं कार्ड वाचायला माणूस शोधतायत.
"एवढं काय आहे त्यात वाचायला," म्हणाल्या आणि पानं घ्यायला उठल्या.
मग मात्र राहवेना. विचारलं, "आई, लिहिलं होतंत तरी काय?"
त्या आमटी वाढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दुसरं काय लिहिणार. या मुलीला बंद करू नका म्हटलं. आमची कुमुद रविवारी पोटभर जेवते."